बिनतारी वीज आणि बुऱ्हाणपूरची रिक्षा

बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक जुन्या गावात नाही. ते लालबागेकडे आहे. भुसावळकडून किंवा खंडव्याकडून आलेल्या प्रवाशास शनवारा दरवाजापर्यंत जायचे म्हटले की एखादे वाहन पाहावेच लागते. पूर्वी ह्या कामी टांगे असत. सांप्रत स्थानकाबाहेर रांग असते ती विजेवर चालणाऱ्या ई-रिक्षांची. धूर नाही, फटफट नाही, पेट्रोलचा वास नाही. कायद्याने ह्या वाहनास चार प्रवासी आणि ताशी २५ किलोमीटर वेग एवढीच मुभा आहे. प्रत्यक्षात त्यात किती माणसे आणि किती बोचकी बसतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

अशाच एका चालकास आम्ही सहज विचारले, "काय भाऊ, परवडते का?" तो म्हणाला, "चालवायला परवडते, साहेब. बॅटरी घेताना परवडत नाही." त्याच्या ह्या एका वाक्यात ह्या धंद्याचे सारे गणित आले आहे. बहुतेक ई-रिक्षांच्या बैठकीखाली १२ व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या एकीला एक जोडून ठेवलेल्या असतात. मिळून होतात ४८ व्होल्ट आणि वजन भरते शंभर किलोंहून अधिक. दिवसभर गाडी हाकायची आणि रात्री घराच्या खिडकीतून तार ओढून आठ-दहा तास बॅटरी भरत ठेवायची, हा नित्यक्रम. पावसाळ्यात ती तार चिखलातून जाते. घरातील पोरे तिच्यावरून उड्या मारतात. बॅटरीचे पाणी वेळेवर घातले नाही, किंवा रात्री वीज गेल्यामुळे ती अर्धीच भरली, की वर्ष-दीड वर्षात तिचा जीव संपतो. मग नवीन बॅटरीसाठी पुन्हा हप्ता.

अशा घरांना ज्या बातमीत रस वाटावा, ती २०२५ साली आली. नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरम येथील सी-डॅक ही सरकारी संस्था, ह्या दोघींनी मिळून विजेच्या वाहनांसाठी बिनतारी चार्जर तयार केला आणि तो बनविण्याची विद्या एका देशी कंपनीच्या हवाली करण्यात आली. जमिनीवर एक सपाट चकती, गाडीच्या पोटाशी दुसरी. गाडी वर आणून उभी केली की दोहोंमध्ये काहीही न जोडता बॅटरी भरू लागते. हा चार्जर घरातल्या साध्या २३० व्होल्टच्या विजेवर चालतो, दीड किलोवॉट वीज देतो आणि ४८ व्होल्टची, ४.८ युनिटांची बॅटरी सुमारे तीन तासांत ९० टक्क्यांपर्यंत भरतो. त्यातील ४८ हा आकडा आम्हांस विशेष वाटला. मोठ्या मोटारीच्या बॅटरीचा दाब ह्याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे नागपूरकरांनी श्रीमंतांची मोटार डोळ्यांपुढे न ठेवता रिक्षा आणि तत्सम लहान वाहने ठेवली. ही वस्तू अजून बुऱ्हाणपूरच्या रस्त्यावर आलेली नाही. पण ती आली तर ज्यांच्या दारी येईल, त्यांनी तिची चौकशी आधीच करून ठेवणे बरे.

तारेवाचून वीज जाते कशी? ह्यात चमत्कार वाटण्याचे कारण नाही. आपल्या गावाच्या वेशीवर खांबांच्या मध्ये जी 'डीपी' बसविलेली असते, तिच्या पोटातही हेच चालते. तेथे तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची दोन वेटोळी असतात आणि ती एकमेकांस जोडलेली नसतात. एका वेटोळ्यात उलटसुलट वाहणारी वीज सोडली की तिच्याभोवती चुंबकत्व उठते व मावळते आणि त्या उठण्या-मावळण्याने शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. हे तत्त्व इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे ह्यांनी १८३१ साली दाखवून दिले.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८३६ मध्ये, ह्या तत्त्वावर अतिशय प्रबळ वेटोळे बनविणारा गृहस्थ मात्र एक कॅथोलिक धर्मगुरू होता, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. आयर्लंडमधील मेनूथच्या सेमिनरीत फादर निकोलस कॅलन हे पदार्थविज्ञान शिकवीत. विजेचा दाब मोजण्याची सोयीची साधने त्या काळी हाताशी नसल्याने ते सेमिनरीतील विद्यार्थ्यांनाच झटका देऊन आपल्या यंत्राची ताकद अजमावीत! पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श हे विद्यार्थिदशेत अशा एका झटक्याने बेशुद्ध पडले, असे सांगतात. ह्याच फादरांनी महागड्या प्लॅटिनमऐवजी ओतीव लोखंड वापरून स्वस्त बॅटरी तयार केली होती. स्वस्त बॅटरीची विवंचना तेव्हापासूनचीच म्हणावयाची.

डीपीत आणि नव्या चकतीत एक मोठा भेद आहे. डीपीतील वेटोळी एकाच लोखंडी गाभ्यावर चढविलेली असतात. चुंबकत्व त्या लोखंडातून सुखाने पलीकडे जाते. रिक्षाच्या पोटात आणि जमिनीत मात्र वीतभर हवा असते, आणि हवेतून चुंबकत्व विखुरते. ह्यावर उपाय दोन. घरातील वीज सेकंदास ५० वेळा हेलकावे घेते. ते हेलकावे ८५ हजारांच्या घरात न्यावयाचे. आणि दोन्ही चकत्यांचा ताल अगदी एक ठेवावयाचा. झाडाच्या फांदीला बांधलेला झोका आपण देतो तेव्हा तो परत येण्याची वेळ साधून हलकासा धक्का दिला तरी तो उंच जातो आणि वेळ चुकली तर कितीही जोर लावा, अडखळतो. तसेच हे आहे. नागपूरच्या चार्जरात दोन चकत्यांमधील अंतर साडेबारा सेंटिमीटरपर्यंत असले तरी काम चालते.

आता मुख्य प्रश्न. वाटेत गळते किती?

ह्या चार्जरात, सारे काही जुळून आले असता, शंभर युनिटांपैकी ८९.४ युनिटे बॅटरीकडे पोचतात. उरलेली साडेदहा उष्णता होऊन जातात. हे ऐकून पुष्कळजण नाक मुरडतील. परंतु तारेच्या चार्जरातही गळती असतेच, हे विसरू नये. चांगल्या तारेच्या चार्जरातून शंभरातील ९४ पोचतात असे धरू. मग ४.८ युनिटांची बॅटरी ९० टक्के भरावयास तारेने ४.६ युनिटे लागतील आणि बिनतारी ४.८३. फरक पाव युनिटाच्या आतला. वर्षातील तीनशे दिवस गाडी चालली तर ७५ युनिटे; युनिटास आठ रुपये धरले तर सहाशे रुपये. हप्ते भरणाऱ्या घरास सहाशे रुपयेही काही थोडे नव्हेत, तरी ह्या रकमेपायी कोणी धंदा बदलणार नाही. आम्हांस आधी वाटले होते त्याहून हा तोटा लहान आहे.

पण 'सारे काही जुळून आले असता' ही अट लहान नाही. मोटारींसाठी २०२० साली जो आंतरराष्ट्रीय मानदंड ठरला, त्यात गाडी पुढेमागे साडेसात आणि डावीउजवीकडे दहा सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तरी चालावे, एवढी सवलत आहे. दहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटांची रुंदी आणि वर थोडेसे. सवारी घेण्याच्या घाईत असलेला कोणता रिक्षावाला चार बोटांचा हिशेब ठेवील? गाडी वाकडी लागली आणि शंभरातील ८० च युनिटे पोचली, तर वर्षाचा जादा खर्च सहाशेचा एकोणीसशेवर जातो. शिवाय एका गाडीचे पाव युनिट शहराच्या हिशेबात पाव राहत नाही. हजार गाड्या धरल्या तर वर्षाला पाऊण लाख युनिटे नुसती हवा तापविण्यात जातील, आणि त्यासाठी शेजारच्या खंडवा जिल्ह्यात सिंगाजीच्या औष्णिक केंद्रात कोळसाच जळावयाचा.

तेव्हा घरी, रात्री, आठ तास उभ्या असणाऱ्या गाडीस ही चकती हवी कशाला? आमचे मत स्पष्ट आहे : नको. तार हाताने जोडण्यास अर्धा मिनिट लागतो, आणि तो अर्धा मिनिट वाचविण्यासाठी गरिबाने हजारो रुपयांची दोन यंत्रे घ्यावीत, हे आम्हांस पटत नाही. घरची तार धोक्याची असेल तर धोका तारेत नसून तिच्या जोडणीत आहे. अर्थिंग नीट करून घ्यावे, जादा वीज ओढली गेल्यास आपोआप बंद होणारे बटण बसवावे, सांध्यांवर नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागवू नये. आणि शिशाची बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेणारा असतो. म्हणून ज्या खोलीत माणसे निजतात तेथे ती भरावयास लावू नये. हे काम एखाद्या जाणत्या वायरमनकडून करून घेण्यास त्या चकतीच्या मानाने फारच थोडे पैसे लागतील.

स्थानकाबाहेरच्या रांगेची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ह्या बिनतारी विजेची खरी जागा तेथे आहे असे आम्हांस वाटते.

रांग म्हणजे काय, हे पाहा. गाडी आली की रिक्षावाला रांगेच्या शेवटी लागतो. पुढची रिक्षा भरून गेली की सगळ्या एकेक जागा पुढे सरकतात. असे पाच-पाच मिनिटांनी पुढे सरताना तार जोडायची कधी आणि काढायची कधी? तेथे तार निरुपयोगीच. परंतु रांगेतील प्रत्येक जागी जमिनीत एकेक चकती असेल तर रिक्षा ह्या चकतीवरून त्या चकतीवर सरकत राहील आणि चालक खालीही न उतरता वीस मिनिटांच्या मुक्कामात तिच्या बॅटरीत अर्धे युनिट भरेल. अशी हलकी गाडी एका युनिटात पंधरा-वीस किलोमीटर जाते. म्हणजे एका मुक्कामात आठ-दहा किलोमीटरांची शिदोरी झाली. दिवसात असे दहा मुक्काम पडले तर पाच युनिटे भरली, जवळजवळ एक संपूर्ण बॅटरी! मग शंभर किलोंचे ओझे बैठकीखाली वाहण्याची गरज काय? निम्म्या आकाराची बॅटरी पुरेल. बॅटरी निम्मी म्हणजे तिचा हप्ता निम्मा. चालकाने आम्हांस सांगितलेले दुःख ज्या ठिकाणी आहे, नेमका त्याच ठिकाणी हा उपाय पोचतो. विजेतील पाव युनिटाची गळती ह्याच्यापुढे काहीच नाही.

ही निव्वळ कल्पना नव्हे. इटलीत जेनोआ आणि संत जॉन बॉस्को ह्यांचे तुरीन, ह्या दोन शहरांत २००२-०३ च्या सुमारास लहान बसगाड्या मार्गाच्या टोकाशी अशाच चकत्यांवर उभ्या राहून वीज घेऊ लागल्या. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स शहरात २०१४ साली एका मार्गावर आठ बस ह्या रीतीने धावू लागल्या. प्रवासी चढ-उतार करीत तेवढ्या दहाएक मिनिटांत गाडी बरीचशी वीज पिऊन घेई. दोन्हीकडे मर्म एकच होते : एकदम पोटभर न घेता वाटेवर घोट घोट घ्यावयाचे.

परंतु ह्या घोटाघोटाने जगण्यास शिशाची बॅटरी योग्य नव्हे. तिला सावकाश आणि पूर्ण भरणे मानवते. नेहमी अर्धवट ठेवली की तिच्या पाट्यांवर थर धरतो आणि ती लवकर मरते. त्यासाठी लिथियमची बॅटरी पाहिजे. ती वजनाने हलकी, आयुष्याने लांब. पण घेताना शिशाच्या बॅटरीहून महाग. तेव्हा 'बॅटरी निम्मी, हप्ता निम्मा' हे आम्ही वर म्हटले ते लिथियम लिथियमशी ताडून पाहिले तरच खरे. शिशाची बॅटरी वापरणाऱ्या माणसास हा बदल करताना प्रथम एकदा हात सैल सोडावा लागेलच.

दुसरी अडचण कचऱ्याची. हसण्यावारी नेण्याजोगी ती नाही. चकतीतील चुंबकत्व मधे पडलेल्या कोणत्याही धातूस तापविते : नाणे, खिळा, बाटलीचे झाकण. रिक्षाच्या थांब्यावर सर्वांत अधिक काय पडलेले असते? गुटख्याच्या आणि तंबाखूच्या पुड्या. त्यांतील ज्यांना आतून धातूचा चंदेरी मुलामा असतो, त्या अशा जागी तापून पेट घेऊ शकतात. म्हणून चांगल्या यंत्रात मधे परकी वस्तू आली की वीज आपोआप बंद करण्याची व्यवस्था असावी लागते. कुत्री-मांजरे उबेला येऊन बसतात, त्यांचाही विचार ह्या विद्येचे जाणकार करीत असतात. ती व्यवस्था गाळून स्वस्तात कोणी यंत्र देऊ लागला तर ते घेऊ नये. आणि रोज सकाळी थांबा झाडणारा माणूस हा ह्या यंत्राचाच एक भाग समजला पाहिजे.

प्रवाशांच्या प्रकृतीविषयी वाचक विचारतील. गाडीखालच्या चकतीच्या वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवितात आणि तो चुंबकत्व बैठकीपर्यंत येऊ देत नाही. माणसांच्या अंगावर किती चुंबकत्व येऊ द्यावे, ह्याच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० मध्ये ठरलेल्या आहेत आणि यंत्रे त्या मर्यादेच्या आत असावी लागतात. ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र बसविलेले आहे त्यांनी मात्र चालू चकतीजवळ रेंगाळू नये व आपल्या डॉक्टरांस विचारावे. ई-रिक्षाची बांधणी मोटारीहून हलकी, पत्रा पातळ आणि माणूस चकतीच्या जवळ. म्हणून मोटारीवर केलेली तपासणी रिक्षास पुरेशी न मानता ती रिक्षावरच पुन्हा व्हावी, असे आम्हांस वाटते.

चालत्या गाडीस वीज देणारे रस्तेही जगात झाले आहेत. दक्षिण कोरियात गुमी शहरी २०१३ मध्ये अशा मार्गावर बस सुरू झाल्या. अमेरिकेत डेट्रॉइट येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये पाव मैलाचा एक तुकडा तयार झाला. आपल्याकडे तो विचार तूर्त बाजूस ठेवलेला बरा. पाव मैलासाठी एवढा खटाटोप, आणि आमच्या रस्त्यावरचे डांबर दोन पावसाळे टिकले तर आम्ही कंत्राटदारास दुवा देतो.

जमिनीत पुरलेल्या वस्तूचे कसे असते, हे बुऱ्हाणपूरकरांस कोणी शिकवावयास नको. १६१५ साली अब्दुल रहीम खानखानाने तबकुतुल अर्झ ह्या इराणी तज्ज्ञाकडून येथे कुंडी भंडारा बांधविला. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभरहून अधिक कुंड्यांच्या रांगेने, केवळ उताराच्या बळावर शहरात आले. वर काही दिसत नाही, खाली पाणी वाहते आहे. २०२४ साली ही वास्तू युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. परंतु त्याच बोगद्यांच्या भिंतींवर पाण्यातील चुन्याचे थर साचत आले, ही गोष्टही तितकीच खरी. कुंड्या मोठ्या ठेवल्या होत्या, माणूस आत उतरू शकत होता, म्हणून साफसफाई शक्य झाली. विजेची चकतीही जमिनीत पुरताना ती पुन्हा उघडता येईल अशा झाकणाखाली पुरली पाहिजे. रस्ता खोदणारे नळाचे खाते आणि चकती सांभाळणारे विजेचे खाते ह्यांची गाठभेट आधी घालून दिली पाहिजे. डांबराखाली कायमची गाडलेली चकती पहिल्या पावसाळ्यात पाणी शिरून बंद पडली तर तिच्यासाठी कोणी पुन्हा रस्ता फोडणार नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती पैशाची आहे. थांब्यावरची वीज मोजणारे मीटर कोठे बसवावयाचे? ते जमिनीखालच्या चकतीच्या अलीकडे असेल, तर वाटेत गळलेल्या साडेदहा युनिटांचे पैसे रिक्षावाल्याच्या माथी बसतील. ते गाडीत, बॅटरीच्या तोंडाशी असेल, तर तोटा थांबा चालविणाऱ्याच्या अंगावर पडेल. मग तो म्हणेल की गाडी वाकडी लावणाराचा दंड मी का भरू? ह्या वादास उत्तर आहे. दोन्हीकडे मीटर बसवावे, गाडी सरळ उभी असताना होणारी गळती थांबेवाल्याने सोसावी आणि तीवरची चालकाने. गाडी चकतीवर नीट बसली की चालकापुढे हिरवा दिवा लागावा, म्हणजे त्यास आपली चूक जागच्या जागी दिसेल. महानगरपालिकेने किंवा आणखी कोणी लालबागेच्या थांब्यावर अशा चकत्या बसविण्याचे मनात आणले, तर रिक्षावाल्यांच्या मंडळींनी करारावर सही करण्यापूर्वी मीटरचे कलम वाचून घ्यावे आणि वाचता न आल्यास कोणाकडून तरी वाचवून घ्यावे.